दारू सुटली, मग पैसे कुठं आहेत?

गेल्या महिन्यात या पानावर मी सहज विचारून बसलो होतो की दारू सोडल्यावर पहिल्या वर्षात हातात किती शिल्लक राहिली, ते कळवा. सत्तावीस पत्रं आली. आकडा फक्त चौघांनी कळवला. बाकीच्यांनी मलाच प्रश्न विचारले. त्यांतले पाच इथं घेतोय. नावं नेहमीप्रमाणे काढली आहेत.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी कराडच्या एका पतसंस्थेत बत्तीस वर्षं कॅशियर होतो. त्यांतली पंधरा वर्षं प्यायचो. दिवसभर लोकांचे पैसे मोजायचे, रुपयाचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसून तो शोधायचा, आणि स्वतःच्या खिशात काल किती होते, किती गेले, याचा सकाळी पत्ता नसायचा. ११ ऑक्टोबर २००५ पासून घेतलेली नाही. तेव्हा खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं कॅशियर म्हणून आणि निम्मं बेवडा म्हणून. कुठलं कुठलं ते तुम्हाला कळेलच.

पत्र पहिलं, इचलकरंजीहून

“काका, मी यंत्रमागावर आहे, वय ४१, महिन्याला सतरा हजार पडतात. आठ महिने झाले, थेंबाला शिवलो नाही. रोज एक क्वार्टर लागायची. सगळे म्हणायचे, सोड, महिन्याला पाच हजार वाचतील. सोडली. मालकाची उचल ४०,००० होती ती २२,००० वर आली, किराणावाल्याचे ९,००० फिटले. पण पासबुकात आज ६४० रुपये आहेत. मेव्हणा हसून विचारतो, ‘काय दाजी, बंगला कधी?’ मग प्यायलो असतो तर काय बिघडलं असतं?”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते माझ्या ओळखीचं आहे. ते सकाळी सुचत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला सुचतं, आणि नेमकं त्याच वेळी पासबुक काढून बघावंसं वाटतं. यापुढं पासबुक सकाळी बघा.

आता हिशेब. तुम्ही फक्त क्वार्टर मोजलीत. २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारनं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हापासून भारतीय बनावटीच्या विदेशी दारूच्या १८० मिलीची किमान किंमत २०५ रुपये आहे, देशीची ८०. तुम्ही विदेशीवाले. महिन्याचे सव्वीस दिवस धरा (चार दिवस घरात पाहुणे, चतुर्थी, अंगात ताप वगैरे): ५,३३०. हा आकडा प्रत्येक पिणाऱ्याला तोंडपाठ असतो आणि प्रत्येकाला तेवढाच ठाऊक असतो. बाटली बिचारी प्रामाणिक. तिच्यावर किंमत छापलेली असते. बाकीच्यावर छापलेली नसते. चकणा, सोडा, पाण्याची बाटली मिळून पन्नास रुपये, सव्वीस दिवसांचे १,३००. पोटात गेली की हात तंबाखूकडं नाहीतर सिगारेटीकडं जातोच, रोजचे तीस धरा, ९००. पगाराच्या दिवशी आपण राजा असतो, शेजारच्या टेबलावरच्याचंही आपणच देतो. आठवड्याला पाचशे, महिन्याला दोन हजार. झाले ९,५३०. आणि आठवड्यातला एक खाडा. सकाळी उठवलं नाही, माग दुसऱ्यानं चालवला. दिवसाचे सातशे धरले तर महिन्याचे २,८००. हे खिशातून गेले नाहीत, खिशात आलेच नाहीत.

खाडे बाजूला ठेवू. सतरातून साडेनऊ हजार गेले की उरतात साडेसात. साडेसात हजारांत भाडं, वीजबिल, पोरांची शाळा आणि रोजची चूल बसत होती का? बसत नव्हती. मग घर कशावर चालत होतं? मालकाच्या उचलीवर आणि किराणावाल्याच्या वहीवर. म्हणजे तुम्ही जी दारू पीत होता तिचे पैसे तुमच्याकडं नव्हतेच. ती उधारीची होती. नुसतं दुकानात रोख देत होता म्हणून तसं वाटत नव्हतं. जे पैसे नव्हतेच, ते दारू सोडल्यावर वाचतील कसे? सोडल्यावर एवढंच झालं की खड्डा खणायचा थांबला आणि त्यात माती पडू लागली. उचलीचे अठरा हजार, किराण्याचे नऊ, सत्तावीस हजार रुपये तुम्ही आठ महिन्यांत भरलेत. पासबुकात ते दिसणार नाहीत. उद्या मेव्हण्यानं विचारलं तर सांगा, बंगल्याचा पाया जमिनीखाली असतो.

मला मात्र अजून एक प्रश्न आहे. आठ महिन्यांचे साडेनऊ हजार म्हणजे शहात्तर हजार, खाडे थांबले त्याचे बावीस. सत्तावीस फिटले. उरलेल्या एकाहत्तरांचं काय? बरेचसे घरानं खाल्ले असणार, आणि ते बरोबरच आहे. जे घर इतकी वर्षं अर्ध्या पैशांत चाललं ते पहिल्यांदा पोटभर जेवतं. चादरी, पोरांचे बूट, डोळ्यांचा चष्मा, दुरुस्त न केलेला नळ, सगळं एकदम पुढं येतं. पण तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला, बहुतेक चुकून, लिहिलंय की नवा मोबाईल हप्त्यानं घेतलाय आणि मित्राला सहा हजार हातउसने दिलेत. मला वाटलंच होतं. दारू सुटली की हात मोकळा राहत नाही. मी पहिल्या वर्षी साताऱ्याचे कंदी पेढे खायचो, पाव किलो एका बैठकीत. गोड खावंसं फार वाटतं, बऱ्याच जणांना वाटतं, खा. पण हप्त्याचा मोबाईल आणि मित्राला उसने, ही पगाराच्या दिवशीच्या राजाचीच सवय आहे, फक्त ग्लास नाही.

तुमच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. संध्याकाळी सात वाजता पैसे द्यायची सवय शरीराला आहे. ती मोडू नका, पैसे घेणारा बदला. आमच्या संस्थेचा पिग्मी एजंट, म्हणजे रोजची छोटी बचत दारोदार गोळा करणारा, सात ते आठ या वेळात पेठेत फिरायचा. सोडल्यानंतर मी माझ्याच संस्थेत रोज पन्नास रुपयांची पिग्मी सुरू केली आणि त्याला बजावलं, सातला माझ्याकडं पहिला यायचं, मी ‘आज नको’ म्हटलं तरी उभं राहायचं. दोनदा म्हटलं. उभा राहिला. तुम्ही शंभरानं सुरू करा.

यात एक गोम आहे, आणि माझे जुने सहकारी हे वाचून रागावतील. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. शिवाय पिग्मीवर व्याज बेताचं, आणि मध्येच मोडली तर कापून घेतात. तेव्हा पिग्मी ही सवयीसाठी. जमेल तर बँकेचीच घ्या, नाहीतर वर्षभर करा आणि रक्कम उचलून सुरक्षित जागी न्या. पोस्टाचं आवर्ती खातं महिना शंभर रुपयांपासून उघडतं, मुदत पाच वर्षं. सध्याच्या ६.७ टक्क्यांनी महिना तीन हजार भरले तर भरणा १ लाख ८० हजार होतो आणि हातात सुमारे २ लाख १४ हजार येतात. हप्ता चुकला तर शंभरामागं महिन्याला रुपया दंड. बारमध्ये वेटरला यापेक्षा जास्त सोडलेत.

पण आधी उचल फेडा. ती असेपर्यंत तुम्ही दुसरीकडं जास्त मजुरीवर जाऊ शकत नाही, आणि ते नुकसान कुठल्याच पासबुकात येत नाही.

पत्र दुसरं, नाशिकहून

“मिस्टर अंबडच्या कंपनीत आहेत. पाच महिन्यांपासून पूर्ण बंद आहे. त्यांचं एटीएम कार्ड माझ्याकडं आहे, त्यांनीच दिलं होतं. आता म्हणतात, परत दे, मी काय लहान मूल आहे का. गाडीही बदलायची म्हणतात. माझ्या चार बांगड्या अजून गहाण आहेत. कार्ड दिलं नाही तर घरात अबोला, दिलं तर रात्री झोप लागणार नाही. काय करू?”

ताई, मी त्या कार्डाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस आहे, म्हणून आधी तिकडचं सांगतो.

२००५ साली माझा पगार आमच्या मंडळींच्या हातात जायचा. सकाळी निघताना ती माझ्या शर्टाच्या खिशात वीस रुपये घालायची. हातात द्यायची नाही, खिशात घालायची. शेजारचा बघत असेल तरी. मी कॅशियर, दिवसाला लाखभर रुपये हाताळणारा, आणि दुपारच्या दुसऱ्या चहाला कुणाच्या तरी गळ्यात पडणारा. अपमान वाटायचा का? वाटायचा. पण खरं सांगू का, सुटल्यासारखंही वाटायचं. वीस रुपयांत काहीच येत नव्हतं, त्यामुळं डोक्यात रोज जो वाद चालायचा तो चालायचाच नाही. हे मी तिला दहा वर्षांनी सांगितलं.

आमच्या घरात दुधाचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची पद्धत. त्याच कॅलेंडरवर ती मी पिऊन आलेल्या दिवसांवर पेन्सिलीनं ठिपका द्यायची. २००४ च्या पावसाळ्यात तिनं पद्धत उलटी केली. न पिता आलेल्या दिवसावर ठिपका. पेन्सिल वाचते म्हणाली. तिला मी पाच महिन्यांनी ‘मी काय लहान मूल आहे का’ म्हटलं असतं, तर तिनं मला ती कॅलेंडरं दाखवली असती. सगळी जपून ठेवली होती.

तर कार्ड द्यायचं की नाही हा प्रश्न आज सोडवू नका, तारीख ठरवा. वर्ष पूर्ण होईल तो दिवस. तोंडी नको, दोघांनी बसून कागदावर लिहा. त्यातच हेही लिहा की मधे पुन्हा प्यायले तर काय होईल: कार्ड कुणाकडं, पगार कुठं, त्यांनी कुठल्या डॉक्टरकडं जायचं. भांडणात ठरवलेले नियम भांडणातच मोडतात, म्हणून चांगल्या दिवशी ठरवायचे.

आणि कार्ड हे आता एकमेव दार नाही. मोबाईलवरून पैसे जातात, त्याला कार्ड लागत नाही. त्यामुळं कार्ड ट्रंकेत ठेवून तुम्ही जागत बसाल आणि पैसे खिडकीतून जातील. त्यापेक्षा पगाराच्या दुसऱ्या दिवशी बँकेला कायमची सूचना देऊन ठेवा, घरखर्च तुमच्या खात्यात, ठरलेली रक्कम आवर्ती ठेवीत. मिस्टरांसाठी वेगळं छोटं खातं उघडा, आठवड्याला पाचशे-सातशे त्यात जाऊ द्या, आणि त्या खात्याचं कार्ड आजच द्या. त्यातल्या पैशाचा हिशेब मात्र विचारायचा नाही. अगदी नाही. माणसाला कुठंतरी मोठं होऊ द्यावं लागतं.

गाडी नाही. आधी बांगड्या. यात भावना नाही, व्याज आहे: सोनं तारणावर जे व्याज चढतं ते कुठल्याही ठेवीत मिळणाऱ्या व्याजापेक्षा जास्तच असतं, आणि मुदत संपून गेली तर लिलाव होतो. ज्या दिवशी सोडवून आणाल त्या दिवशी मिस्टरांना बरोबर न्या. पैसे त्यांना मोजू द्या.

अजून एक, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. त्यांनी मुदतीचा जीवन विमा काढला पाहिजे. अर्जावर दारूविषयी प्रश्न असतो. खरं लिहायचं: किती पीत होतो, कधी सोडली. हप्ता वाढेल, कदाचित थांबायला सांगतील. चालेल. खोटं लिहून मिळालेली पॉलिसी नेमक्या गरजेच्या वेळी कागदाचा तुकडा ठरू शकते. आणि काढताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली काढा. एजंट ‘कशाला’ म्हणेल, तरी त्या रकान्यावर खूण करायला लावा. मग ती रक्कम बायको-मुलांची असते, नवऱ्याच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. पिणाऱ्याच्या घरात देणेकरी कुठून कुठून उगवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पत्र तिसरं, पुण्याहून

“काका, मी व्यसनी वगैरे नाही. आयटीत आहे, फक्त शनिवारी बाहेर घेतो. जानेवारीत महिनाभर बंद ठेवली तर क्रेडिट कार्डाचं बिल चौदा हजारांनी कमी आलं. हे नॉर्मल आहे का?”

व्यसनी आहेस की नाही हे मी ठरवणार नाही. एवढंच सांगतो, मला पंधरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं तरी मीही हे वाक्य रोज म्हणायचो.

चौदा हजार नॉर्मल आहेत. दुकानातली बाटली आणि टेबलावरचा पेग यांच्यात किती पट फरक असतो ते तुला माहीत आहे. त्यावर बारमध्ये दारूवर दहा टक्के व्हॅट, जेवणावर जीएसटी वेगळा, म्हणून बिलाच्या तळाशी एवढ्या ओळी असतात. मग मध्यरात्रीची टॅक्सी, कारण गाडी चालवत नसशील अशी आशा आहे. चालवत असशील तर रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं की पहिल्या खेपेला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर गाडी ठोकलीस तर तुझ्या गाडीचं नुकसान विमा कंपनी नाकारते. रविवारी दुपारी उठून मागवलेली बिर्याणी आणि रात्री एक वाजता मोबाईलवर घेतलेले बूट कुठल्या खात्यात टाकतोस ते मला कळव. आम्ही त्याला ‘चिल्लर’ म्हणायचो.

चौदा हजार फेब्रुवारीत कुठं गेले, ते तू लिहिलेलं नाहीस.

पत्र चौथं, सोलापूर जिल्ह्यातून

“माझं वय ६८. धाकटा मुलगा पितो. गावातल्या एकाकडून त्यानं दीड लाख घेतलेत, महिना शेकडा दहानं. तो माणूस दारात येऊन बसतो. वीस गुंठे विकून एकदाचं फेडून टाकावं म्हणतो, म्हणजे पोरगा सुधारेल. केंद्रात ठेवायला आमच्याकडं पैसे नाहीत.”

आबा, माझ्या वडिलांनी माझं कर्ज दोनदा फेडलं. पहिल्यांदा १९९६ साली, दुभती म्हैस विकून. ते पैसे मोजून देताना मी रडलो होतो, शपथ घेतली होती, खोटी नव्हती. पण त्या रात्री माझ्या डोक्यावर पहिल्यांदा कुणाचंच देणं नव्हतं, आणि बाजारात माझी पत परत आली होती. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा उधार घेतलं. ज्याला बाप फेडतो त्याला सावकार हसत देतो. दुसऱ्यांदा २००१ साली, आईच्या पाटल्या. तिसऱ्यांदा त्यांनी दार उघडलं नाही. मी त्यांना चार वर्षं शिव्या दिल्या. २००५ च्या दिवाळीत, सोडून महिनाही झाला नव्हता, मी गावी गेलो तेव्हा ते गोठ्यात होते. गोठा रिकामाच होता, तरी झाडत होते. म्हशीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

म्हणून, जमीन विकू नका. निदान तो पितो आहे तोवर नको. वीस गुंठे गेल्यावर तो बिनकर्जाचा पिणारा होईल, दुसरं काही नाही.

आता दारातल्या माणसाचं. महिना शेकडा दहा म्हणजे वर्षाला एकशे वीस टक्के. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला नऊ आणि विनातारण बारा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. शेतकरी नसेल त्याला पंधरा आणि अठरा. व्याजावर व्याज नाही, आणि मुदलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, ते आपलं जुनं दामदुप्पट. परवानाच नसेल तर धंदाच बेकायदा. तालुक्याला सहकार खात्याचं सहायक निबंधकाचं कार्यालय असतं, तिथं लेखी अर्ज करायचा. आजवर किती दिले ते तारखेनिशी लिहा, मोबाईलवरून दिले असतील तर त्याचे कागद जोडा, कोरे धनादेश किंवा सह्या केलेला स्टॅम्प त्याच्याकडं असेल तर तेही लिहा. दारात येऊन धमकावत असेल तर पोलिसांतही द्या. एकट्यानं जाऊ नका, गावातला एखादा शहाणा माणूस बरोबर घ्या. आणि सातबारा कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्ससुद्धा.

मुलाच्या उपचारांचं. पैसे नाहीत म्हणून मार्ग नाही असं नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नसते. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी सुरू केलेलं हे काम महाराष्ट्रात मराठीतून चालतं. सभेत पिशवी फिरते, सभासद जमेल तेवढं टाकतो, नाही टाकलं तरी कुणी बघत नाही. बाहेरच्यांची देणगी ते घेतच नाहीत. मी पहिले सात महिने पिशवी नुसती पुढं सरकवायचो, आणि मी कॅशियर. घरच्यांसाठीही वेगळ्या सभा असतात, तिथं तुम्ही जा. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, त्यांना खर्चाचं आधी मोकळेपणानं विचारा, विचारायला लाजू नका. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे.

एक मात्र नीट ऐका. तो रोज आणि भरपूर पीत असेल तर पैसे बंद करून त्याला एकदम उपाशी ठेवू नका. अचानक थांबल्यानं हात कापतात, घाम फुटतो, कुणाला झटके येतात, भ्रम होतो, आणि यात जीव जाऊ शकतो. थांबायचं ते डॉक्टरच्या नजरेखाली, जिल्हा रुग्णालयात दाखवून. हा खर्च करायचाच. जमिनीचा पैसा कशाला राखून ठेवायचा असं विचाराल, तर यालाच.

पत्र पाचवं, रत्नागिरीहून

“तुम्ही सारखे दुसऱ्यांना फेडा फेडा म्हणता. तुम्ही स्वतः वाचलेल्या पैशातून पहिल्यांदा काय घेतलंत, ते सांगा.”

विचारलंत ते बरं केलंत, कारण तिथं माझंही फेडण्यानंच सुरू झालं. पेठेतल्या किराणावाल्याचे माझ्याकडं २,३४० रुपये होते, मला आकडा पाठ होता. २००६ च्या फेब्रुवारीत पिग्मीतून काढले आणि नेऊन दिले. त्यानं विचारलं, कसले? म्हटलं, वहीत बघा. तो म्हणाला, तुमचं पान मी तीन वर्षांपूर्वी फाडलं. बुडीत धरले होते. पैसे घेतले, पुन्हा मोजले, गल्ल्यात टाकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाची साखर तोलायला लागला. मी अजून काहीतरी होईल म्हणून थोडा वेळ उभा राहिलो. काही झालं नाही. घरी आलो.

घेतला तो पंखा. आमच्याकडचा टेबल फॅन मी १९९९ साली विकला होता, दोनशे रुपयांना, भर मे महिन्यात, आणि घरी सांगितलं होतं की दुरुस्तीला टाकलाय. सात उन्हाळे तो दुरुस्तीतच होता. मंडळींनी एकदाही विचारलं नाही, दुकानदार कोण म्हणून. एप्रिल २००६ मध्ये छताचा पंखा आणला, रोख. इलेक्ट्रिशियनला पन्नास रुपये दिले. लावून झाल्यावर ती खाली उभी राहून वर बघत होती. मग म्हणाली, “तो दुरुस्तीचा कधी येणार?”

तो पंखा अजून आहे. पाचवर ठेवला की खडखडतो, म्हणून चारवर ठेवतो.